प्रॉम्प्टरला प्रॉम्प्ट करू नका

हे मी बोलतो आहे आणि माझी बायको वनिता लिहून घेते आहे. तिला एकच ताकीद आहे. शब्द अडला तर अडू द्यायचा, आपल्या पदरचा घालायचा नाही. काल एका वाक्याला अख्खी सकाळ गेली. ती पेन धरून बसून राहिली, मध्येच उठून भात टाकून आली, पण तोंडातून अवाक्षर काढलं नाही. इतकं शिकायला तिला सहा महिने लागले. बाकीचे अजून शिकताहेत.

ज्या घरात लकव्यानं कोणाची वाचा गेली आहे, त्या घरासाठी हे लिहिलं आहे. आजारी माणसासाठी यात धीराचं थोडंफार निघेल. पण खरं तर मला त्याच्या भोवतीच्या बोलक्या माणसांना चार खडे बोल सुनवायचे आहेत. मला राग आला आहे. डॉक्टर म्हणतात, रागानं बीपी वाढतं. बीपीची गोळी मी रोज घेतो. रागावर गोळी घेणार नाही.

आधी मी कोण ते सांगतो. लाखांदूरजवळ आमचं गाव, घरची धानाची शेती. पण दिवाळी झाली की होळीपर्यंत मी प्रॉम्प्टर. आमच्या झाडीपट्टीत हंगामभर गावोगाव नाटकं होतात. नट आज या गावात राजा तर उद्या दुसऱ्या गावात दरोडेखोर. तालमीला वेळ कोणाला आहे? म्हणून रंगमंचासमोरच्या खड्ड्यात एक माणूस वही घेऊन बसतो आणि नटाला ओळ सोडतो. नट ती उचलतो आणि टाळ्या घेतो. तो खड्ड्यातला माणूस मी. बावीस वर्षं मी दुसऱ्यांना शब्द पुरवले. एकदा एक खलनायक दारू पिऊन आला होता, त्याच्याकडूनही मी तिन्ही अंक काढून घेतले होते.

तर अशा माणसाचेच शब्द गेले.

दुपारपर्यंत झोपू द्या

पौष महिना होता. कोंढा गावातला प्रयोग आटोपून सकाळी आठच्या सुमारास घरी आलो. ओसरीवर बसलो. वनितानं चहा दिला. चहात साखर नव्हती. मला म्हणायचं होतं, "साखर विसरलीस." तोंडातून निघाला तो नुसता चिखल.

वनिता हसली. "अजी, घरी तरी नाटक बंद करा."

मी पुन्हा बोललो. पुन्हा चिखल. उजव्या हातातून कप निसटला आणि चहा धोतरावर सांडला. माझा थोरला भाऊ शेजारीच राहतो, आम्ही त्याला दादा म्हणतो. तो आवाज ऐकून आला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "रातभर जागून आला हाय. झोपेनं बेजार झाला. झोपू दे त्याले, दुपारपावतर उठवू नको."

ही चूक आमच्यासारख्याच घरात व्हायची. प्रॉम्प्टरच्या घरात हंगामात सकाळी कोणी मोठ्यानं बोलत नाही. बावीस वर्षांचा हा माझ्या माणसांचा चांगुलपणा, आणि तोच जिवावर उठला. मी खाटेवर पडलो होतो. सगळं समजत होतं. बाहेर दादा कोणाला तरी दटावत होता, "हळू बोला ना, गणपत झोपला हाय." मी झोपलो नव्हतो. मी हाका मारत होतो, पण त्या हाका आहेत हे कोणाला कळण्यासारखं नव्हतं.

दुपारी एकच्या एसटीनं माझी मुलगी पल्लवी आली. ती भंडाऱ्याला नर्सिंग शिकते, तेव्हा दुसऱ्या वर्षाला होती. बॅग खांद्यावरून उतरवायच्या आधी तिनं माझ्याकडे पाहिलं.

"बाबाचं तोंड वाकडं काहून हाय?"

"झोपेत असन," दादा म्हणाला.

"बाबा, दोन्ही हात वर करा." एक वर गेला. दुसरा खाटेवरच राहिला. मग ती पोरगी जी ओरडली, ती साऱ्या गल्लीनं ऐकली. तिनंच अ‍ॅम्ब्युलन्सला फोन लावला.

नागपूरच्या दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं, "कधी झालं?" दादा म्हणाला, "सकाळी." डॉक्टरनं चष्मा काढला. पहिल्या काही तासांत आणलं असतं तर एक इंजेक्शन देता आलं असतं, आता ती वेळ निघून गेली, असं तो म्हणाला. दादा भिंतीला टेकून खाली बसला.

वाचणाऱ्यानं एवढं ध्यानात ठेवावं. तोंड वाकडं झालं, एक हात पडला, बोलणं बिघडलं, तर त्या माणसाला झोपू देऊ नका. तो कितीही थकलेला असो, उचला आणि न्या.

नाव सांगा

दवाखान्यात सकाळी सहाला दिवे लागत. मग सुई, मग फिनाईलचा वास, मग नर्स. ती रोज विचारी, "बाबा, नाव सांगा."

माझं नाव मला ठाऊक होतं. ते घशाच्या खाली, इथं छातीत, उभं असायचं. मी त्याला वर ओढत असायचो. ग पर्यंत आलो की शेजारून दादा म्हणे, "गणपत." नर्स लिहून घेई आणि पुढच्या खाटेकडे जाई.

बारा दिवस मी त्या दवाखान्यात होतो. बारा दिवसांत मला माझं नाव एकदाही सांगू दिलं नाही. दुखतं कुठं, संडासला झाली का, भूक आहे का, सगळ्याची उत्तरं दादा द्यायचा आणि त्यातली निम्मी चूक असायची. मोठे डॉक्टर माझ्या पायाशी उभे राहून दादाशी बोलायचे. "पेशंटला समजतं का?" असं त्यांनी मला न विचारता त्याला विचारलं. तो म्हणाला, "थोडंथोडं." अरे, मला सगळं समजत होतं! तीन-तीन अंकांची नाटकं डोक्यात ठेवणारा माणूस मी.

त्या वॉर्डात एकच शहाणं माणूस भेटलं, ती फरशी पुसणारी मावशी. तिच्याकडे चहाच्या किटलीचंही काम होतं. तिनं पहिल्या दिवशी विचारलं, "चाय का दूध?" दादा बोलणार, तेवढ्यात तिनं हात केला. "तुमाले नाई विचारलं जी. त्याईले विचारलं." आणि किटली घेऊन उभी राहिली. मी झगडत होतो. वॉर्डबॉय तिच्या नावानं ओरडत होता. ती हलली नाही. शेवटी माझ्या तोंडातून "च" निघाला.

"चाय," ती म्हणाली आणि ओतला. च माझा होता, बाकीचा चहा तिनं त्यावरून ओळखला. त्या चहात साखर होती.

बर्फाचा माणूस

पाचव्या दिवशी वाचेचे व्यायाम घेणारी एक मुलगी आली. स्नेहल मॅडम. तिच्यापाशी चित्रांची कार्डं होती आणि एक टॅब होता. पहिलं कार्ड सफरचंद. दुसरं जिराफ. तिसरं पियानो. चौथ्या कार्डावर बर्फाचा माणूस होता, नाकाच्या जागी गाजर खोचलेला. मी जन्मात बर्फ पाहिला तो लग्नातल्या सरबतात. या गाजरवाल्याला काय म्हणतात ते मला लकवा नसतानाही सांगता आलं नसतं.

मग तिनं टॅब लावला. बरोबर बोललं की त्यातून लहान पोराच्या आवाजात "शाब्बास!" यायचं आणि टाळ्या वाजायच्या. चुकलं की एक रडकं तोंड दिसायचं. मी बावन्न वर्षांचा. माझ्या मिशा पांढऱ्या झाल्या आहेत. मी ज्या टाळ्या लोकांना मिळवून दिल्या, त्या मोजायला बसलो तर जन्म जाईल, आणि हे यंत्र मला शाब्बास म्हणत होतं.

मी डाव्या हातानं सगळी कार्डं उडवली. त्यातली दोन खाटेखालच्या भांड्यात पडली. ते भांडं कशाचं होतं ते सांगायला नको.

दादा ओशाळला. "लेकरासारखं झालं हाय त्याचं, मॅडम. मनावर घेऊ नका."

तिनं कार्डं गोळा केली, भांड्यातली दोन फेकून दिली आणि हात धुऊन आली. मला वाटलं, आता ही पुन्हा यायची नाही. ती म्हणाली, "काका, ही कार्डं मलाही आवडत नाहीत. पण मला जी मिळाली ती मी आणली. तुमच्या घरात काय-काय आहे, ते मला कुठं माहीत आहे? तुम्ही बनवा तुमची. मला दाखवा."

"तुम्ही बनवा" हे मला दवाखान्यात आल्यापासून पहिल्यांदा कोणी म्हटलं होतं.

जाताना तिनं आणखी एक सांगितलं. या आजारात हो आणि नाही यांची अदलाबदल होते. मनात एक असतं, तोंड दुसरं बोलतं. म्हणून तोंडावर विसंबू नका, हाताची किंवा वस्तूची एखादी खूण ठरवा. हे तिनं दादाला दोनदा सांगितलं. दादानं कीर्तनात मान डोलवावी तशी मान डोलवली.

लग्नपत्रिकांचा डबा

घरी आलो. मग गावानं मला पाहायला यायला सुरुवात केली. येईल तो समोर बसायचा आणि माझ्या तोंडाकडे टक लावून पाहायचा. मी "प" म्हटलं की सगळे तुटून पडायचे. "पाणी? पान? पंखा? पोट दुखते का? पांघरूण?" मला विचारायचं असायचं, पऱ्हे टाकायला बांधी नांगरली का? पऱ्हे म्हणजे आमच्याकडे धानाची रोपं, बांधी म्हणजे धानाचं शेत. पण तोवर कोणीतरी पाण्याचा गिलास तोंडाला लावलेला असे. मी त्या महिन्यात जेवढं पाणी प्यालो तेवढं उन्हाळ्यात बैल पीत नाही.

आता इथं मला माझ्या धंद्याचं गुपित सांगावं लागेल. नवशिका प्रॉम्प्टर सगळी ओळ सोडतो. त्यानं नट पोपट होतो. ओळ बोलतो, पण ती त्याची नसते, आणि लोकांना ते पाठीमागच्या रांगेतसुद्धा कळतं. मुरलेला प्रॉम्प्टर आधी काहीच बोलत नाही. तो नटाचा श्वास पाहतो. श्वास घेतला आणि ओठ उघडले नाहीत, तर नुसते आपले ओठ हलवतो, आवाज न करता. तरी नाही जमलं, तर पहिलं अक्षर सोडतो. आणि थांबतो. ते थांबणं जीव घेतं, कारण हजार माणसं पाहत असतात. पण ओळ नटाच्या आत असतेच. तिला दार दाखवायचं असतं, हात धरून बाहेर ओढायचं नसतं.

हे मी वनिताला कसं सांगणार? माझ्या वहीच्या पेटीकडे बोट दाखवत होतो, ओठ हलवत होतो, खाटेवर हात ठोकत होतो. ती रडकुंडीला आली. "अवो, मी काय नाटक कंपनीतली हाय का? मले कसं समजन?" पल्लवी सुट्टीत घरी होती. तिनं पेटी उघडून माझी जुनी वही काढली. वहीत ओळींच्या पहिल्या अक्षरांना मी लाल गोल करायचो. तिनं ते पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि म्हणाली, "आई, बाबाले पयलं अक्षरच पायजे. पूर्ण नाही."

मग आम्ही कार्डं बनवली. घरात जुन्या लग्नपत्रिका पडल्या होत्या, जाड कागदाच्या. पल्लवीनं मोबाइलवर फोटो काढले, लाखांदूरच्या स्टुडिओतून छापून आणले आणि पत्रिकांच्या पाठीवर चिकटवले. भाताचा गंज, म्हणजे पातेलं. विळा. माझी चप्पल, तीच, अंगठा तुटलेली. बीपीची गोळी. संडासचं दार. दादाचं तोंड. प्रत्येकाच्या मागे लाल शाईत एकच अक्षर. कार्ड दाखवणाऱ्यानं अक्षर मनात वाचायचं, आधी नुसते ओठ हलवायचे, मग अक्षर सोडायचं, मग दहा श्वास गप्प बसायचं. सगळं एका मिठाईच्या डब्यात ठेवलं.

हो-नाहीसाठी मी एक ठोकळा घेतला. रंगमंचाच्या फळ्या डळमळू नयेत म्हणून खाली घालतात तो, पेटीत पडला होता. एका बाजूला चुना लावला, दुसऱ्या बाजूला काजळी. पांढरं म्हणजे हो. काळं म्हणजे नाही.

वनिता शिकली. चुकत शिकली. आधी ती सात-आठ श्वासांवर फुटायची आणि शब्द बोलून टाकायची, मग मी ठोकळा खाटेवर आपटायचो. एके दुपारी तिनं जेवणाचं ताट आणलं. मी घास घेतला. मिठाशिवायचा भात खात मला चार महिने झाले होते. मी तिच्याकडे पाहिलं, तिनं माझ्याकडे. ती गप्प होती. आणि माझ्या तोंडातून अख्खा शब्द बाहेर पडला. "अळणी."

तिनं कपाळाला हात लावला. "चार महिन्यानं तोंड उघडलं, तं खोट काढाले!" आणि हसता-हसता रडायला लागली. मला रडू आलं नाही. मला आणखी एक घास खायचा होता.

हो

जेठात पल्लवी दुपारी माझ्याजवळ येऊन बसली. वनिता शेतात होती. पल्लवी नखं कुरतडत होती. दादाला ती मोठे बाबा म्हणते.

"बाबा, मोठे बाबा माह्यासाठी अड्याळचं घर पाहून राहिले. चांगले लोक हायेत म्हणते. पण त्याईले आतापासूनच नोकरी-शिक्षण नाही पायजे. मले कोर्स पुरा कराचा हाय. एकच वर्ष राहिलं." मग म्हणाली, "तुमालेच सांगून राहिली, कारण तुमी कोणाले सांगू शकत नाही."

ते तिनं सहज म्हटलं. मला मात्र ते लागलं. पण मी तिचा हात धरला आणि ठोकळ्याची पांढरी बाजू दाखवली. समजलं. हो.

चार दिवसांनी अड्याळचे पाहुणे आले. वनिता आत चहा करत होती. मुलगा शांत होता, त्याच्याविषयी माझं काही म्हणणं नाही. बोलणी झाली. शेवटी दादा सगळ्यांसमोर माझ्याकडे वळला. आजारी का असेना, बाप होता; विचारायची रीत होती. "काय रे गणपत, चालते ना?"

मी सगळी ताकद गोळा केली. नाही म्हणायचं होतं. आणि माझ्या तोंडातून खणखणीत, स्वच्छ, एका दमात निघालं, "हो!"

आजारपणातला माझा सगळ्यात स्पष्ट शब्द होता तो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कोणीतरी माझ्या तोंडात साखर घातली. मी डाव्या हातानं ठोकळा काळ्या बाजूनं वर धरला. दादानं तो हळूच काढून घेतला. "हे खेळणं ठेव बाजूले, पाहुणे पाहून राहिले." आणि फळीवर ठेवून दिला.

दारात पल्लवी उभी होती, डोक्यावर पदर घेऊन. तिनं माझ्याकडे पाहिलं ते मी विसरणार नाही. संध्याकाळच्या एसटीनं ती भंडाऱ्याला गेली. जाताना नुसती पाया पडली.

भासऱ्यापुढे

वनिताला समजावायला मला तीन दिवस लागले. ठोकळा हातात घेतला की ती विचारत जायची. जेवण? काळं. गोळी? काळं. पल्लवी? पांढरं. अड्याळचे पाहुणे? पांढरं. पसंत? काळं. तिनं विचारलं, "मंग हो काहून म्हणालात?" मी काळं-पांढरं काळं-पांढरं करत राहिलो. तिला मॅडमचं बोलणं आठवलं.

पण पुढे काय? आमच्याकडे नवऱ्याचा थोरला भाऊ म्हणजे भासरा, आणि भासऱ्यापुढे धाकट्या भावाची बायको तोंड उघडत नाही. वनिता चोवीस वर्षांत दादाशी समोरासमोर एक वाक्य बोलली नव्हती. काही सांगायचं तर माझ्या तोंडून सांगायची. आता माझंच तोंड फितूर झालेलं.

तिनं स्नेहल मॅडमला फोन केला, मॅडमनं दादाला केला. दादा शांतपणे म्हणाला, "मॅडम, तुमचं शिक्षण मोठं हाय. पण तो तोंडानं हो म्हणाला, वीस माणसांनी आयकलं. लाकडाच्या तुकड्यावर मी सोयरीक मोडू का?"

दादा वाईट माणूस असता तर हे सगळं सोपं होतं. तो वाईट नाही. चाळीस दिवस त्यानं मला उचलून संडासला नेलं. माझ्या बांधीची रोवणी त्यानं आपल्या बांधीच्या आधी करून दिली. त्या सकाळी "झोपू दे" म्हणाल्याचं त्याच्या मनाला लागलं आहे, आणि त्याची भरपाई म्हणून तो माझं सगळं करतो. बोलणंसुद्धा. म्हणून हा राग मला गिळताही येत नाही आणि थुंकताही येत नाही.

साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, रोवणी आटोपल्यावर, पोळ्याच्या आधी ठरलं. माझ्याकडे दोन महिने होते. मी एक ओळ पक्की करायला घेतली, "लग्न आता नाही." तीन शब्द. वनिता रोज समोर बसायची. लग्न निघायचं. आता निघायचं. नाही म्हणायला गेलो की जीभ हो कडे पळायची. मी भिंतीवर डोकं आपटायचं तेवढं बाकी ठेवलं. साक्षगंधाच्या आठवड्यात दहादा म्हटलं तर सहादा नीट यायला लागलं. नटाला एवढ्यावर मी रंगमंचावर सोडलं नसतं. पण दुसरा नट नव्हता.

ओळ

सकाळी अकराचा मुहूर्त. बाहेर झड लागली होती, म्हणून सगळे आमच्या ओसरीत दाटीवाटीनं बसले होते. मला खुर्ची दिली. ठोकळा मी मांडीखाली दडवला होता. समोर पाटावर पल्लवी, शालू नेसलेली. तिनं माझ्याकडे एकदाही पाहिलं नव्हतं. पितळी ताटात साडी, नारळ, कुंकू.

दादा उभा राहिला. "माहा भाऊ बोलू शकत नाही. त्याच्या वतीनं मीच..."

मी डावा हात वर केला.

झालं. "पाणी पायजे का?" "लघवीले न्या त्याले." "पंखा लावा." "दम लागला असन, आत लेटवा." दोघांनी माझ्या काखेत हात घातले. मी ठोकळा काढला आणि ताटावर फेकला. पितळेचा असा आवाज झाला की नारळ घरंगळत पाहुण्यांच्या पायाशी गेला. कुंकू सांडलं. काखेतले हात सुटले.

माझी ओळ तयार होती. लग्न, आता, नाही. मी श्वास घेतला आणि पल्लवीकडे पाहिलं.

ती माझ्याकडे पाहत होती. तिनंही श्वास घेतलेला होता. ओठ जरासे उघडे, मान पुढे, डोळे माझ्यावर. हे तोंड मी बावीस वर्षं खड्ड्यातून पाहिलं आहे. हे ओळ पाठ असलेल्या माणसाचं तोंड आहे. त्याला फक्त सुरुवात सापडत नसते.

आणि मला माझीच लाज वाटली. आठ महिने मी जळतो आहे, की माझं बोलणं सगळे बोलतात. आणि मी तरी काय करायला निघालो होतो? लग्न माझं नव्हतं. ओळ तिची होती. तिला कोणी विचारलंच नव्हतं, मीसुद्धा दोन महिन्यांत नाही.

मी माझी ओळ टाकून दिली. तिच्याकडे पाहून ओठ मिटले आणि उघडले, आवाज न करता. ती थांबली. मग मी अक्षर सोडलं. "म..."

"मले," पल्लवी म्हणाली. "मले आता लग्न नाही कराचं. कोर्स पुरा कराचा हाय. मोठे बाबा, मी बाबाले पयलेच सांगतलं होतं. बाबाचा हो, हो नव्हता."

अड्याळच्या मुलाच्या वडिलांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. दादाचा चेहरा उतरला. तो माझ्याकडे वळला, त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. "गणपत, हे पोरगी म्हणते ते खरं हाय का?"

मी तोंड उघडलं. इतके दिवस ज्या शब्दासाठी मेलो, तो आता न बोलावता आला. "नाही."

दादा पाहुण्यांना म्हणणार होता, "पाहा." त्याचं तोंड उघडलंही होतं.

"थांबा."

वनिता होती. माजघराच्या दारात, पदर डोक्यावरून खाली आलेला, भासऱ्याच्या डोळ्यांत पाहत. "थांबा जी. त्याईचं झालं नाही अजून."

पल्लवी पाटावरून उठली. कुंकवात पडलेला ठोकळा तिनं उचलला, शालूला पुसला आणि माझ्या डाव्या हातात ठेवला. ठोकळा फिरवायला मला वेळ लागला. बाहेर पाऊस वाजत होता. कोणी पाणी विचारलं नाही, कोणी शब्द पुरवला नाही, कोणी काखेत हात घातला नाही. दादासुद्धा उभ्यानं थांबला, माझ्या हाताकडे पाहत.

मी पांढरी बाजू वर केली.